अजून चालेल

लग्न होऊन घरात आली तेव्हा सिस्टरला साधी सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती. नोकरी मात्र फिरतीची. दवाखान्यात बसून रोग्यांची वाट बघायची नाही, तर जे अंथरुणातून उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जायचं, जखमा धुवायच्या, पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची. खांद्याला जड पिशवी आणि दिवसभर पायाला भिंगरी. तिची ती दमछाक सासऱ्यांनी काही दिवस बघितली आणि एका सकाळी स्वतःच्या मोटरसायकलची किल्ली तिच्यापुढे धरली.

"चल, बस."

ती मागच्या सीटकडे वळली.

"मागे नाही," ते म्हणाले. "पुढे."

सासऱ्यांची उभी हयात बसडेपोत फिटर म्हणून गेली होती. गोदामामागच्या मोकळ्या जागेत त्यांनी तिला गाडी शिकवली. ती पडली, रडली, पुन्हा बसली. ते एकदाही ओरडले नाहीत. "गाडीशी भांडायचं नाही. ती काय म्हणते ते ऐकायचं," एवढंच म्हणत राहिले. वर्षभरात ती अशी काही सराईत झाली की गल्लीतले लोक म्हणायला लागले, फिटरने सून नाही आणली, चेला आणला. बाहेर सगळे तिला सिस्टर म्हणत, म्हणून मग सासरे, म्हणजे बाबाही, चिडवायला घरात सिस्टरच म्हणत. पुढे ते चिडवणंच लाडाचं नाव होऊन बसलं.

बाबा निवृत्त झाले, सासूबाई गेल्या, आणि घर एकदम शांत झालं. नवरा इमारतींच्या रंगकामावर, सकाळी जायचा तो अंगावर चार रंगांचे ठिपके घेऊन दिवेलागणीला यायचा. बाबांना बोलायला विषय राहिला एकच, सुनेची मोटरसायकल. दर सुट्टीच्या दिवशी ते अंगणात पाट टाकून गाडीपुढे बसायचे. साखळीला तेल, ब्रेकची तार, दिवे, हॉर्न, सगळं डोळ्यांखालून घालायचे, आणि शेवटी टायर. चाक हळूहळू फिरवत ते नक्षीच्या खाचांतून बोट फिरवायचे, डॉक्टरने नाडी बघावी तसे. मग निकाल द्यायचे.

"अजून चालेल."

सिस्टरने त्या निकालावर कधी शंका घेतली नव्हती. घेणार कशी? त्याच बोटांनी आयुष्यभर कितीतरी बसगाड्या रस्त्यावर धाडल्या होत्या.

तिच्या रोग्यांत एक म्हातारे ट्रकड्रायव्हर होते. साखरेने दोन्ही तळपाय बधिर झालेले, टाचेला जखम, त्यामुळे खिडकीशी खाट टाकून पडलेले. जखम धुवून झाली की सिस्टर त्यांच्या पायाची तपासणी करायची. पिशवीत तिच्याकडे एक साधं साधन होतं, दांडीला बसवलेला प्लास्टिकचा बारीक ताठ दोरा. रोग्याने डोळे मिटायचे, तिने दोरा तळपायावर इथे तिथे टेकवायचा, आणि कळलं की रोग्याने "हो" म्हणायचं. ट्रकड्रायव्हरला तळव्यावर काही कळायचं नाही, पण जीभ तिखट होती.

"सिस्टर," एकदा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "माझ्या पायांचं राहू द्या. तुमच्या गाडीचा मागचा टायर बघा. पार गोटा झालाय."

"छे हो. परवाच बघितलाय आमच्या बाबांनी."

"बाबांनी बघितलाय, तुम्ही बघितलाय का? बघा तर. खाचांच्या तळाशी रबराचे बारके उंचवटे असतात. नवा टायर असतो तेव्हा ते खाली दडलेले असतात. टायर झिजत झिजत त्यांच्या बरोबरीला आला, की समजायचं त्याने राजीनामा दिला. तुम्ही तो घ्या नाहीतर घेऊ नका."

ती हसली. पण बाहेर येऊन गाडीमागे उकिडवी बसली तेव्हा तिचं हसू मावळलं. उंचवटे आणि टायर एका पातळीत आले होते. मधला पट्टा तर गुळगुळीत, आणि इतका चपटा की गोल टायर आहे असं वाटेचना. अलीकडे वळणावर गाडी एकदम आडवी पडल्यासारखी का व्हायची, हे तिच्या ध्यानात आलं. तिला वाटत होतं, आपणच दमतोय.

घरी येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. तो नखातला रंग काढत होता. त्याने हात थांबवला.

"बाबांना म्हणालीस?"

"नाही अजून."

"मग जरा जपून म्हण. किंवा नकोच म्हणूस," तो म्हणाला. "आई गेल्यापासून बघतेयस ना? एवढी एक गाडी आहे म्हणून माणूस सुट्टीच्या दिवशी आंघोळ करून, दाढी करून अंगणात येतो. तेही चुकतंय म्हटलं तर काय उरलं? सवडीने आपण दोघं जाऊ आणि बदलून आणू."

तिला ते पटलं आणि पटलंही नाही. पुढच्या सुट्टीला ती मुद्दाम बाबांच्या शेजारी जाऊन बसली. त्यांनी चाक फिरवलं, बोट फिरवलं.

"बाबा, मागचा जरा झिजल्यासारखा नाही वाटत?"

"कुठे झिजलाय? हे बघ, नख जातंय की आत."

तिने बघितलं. नख आत जात नव्हतं. खाच जिथे असायला हवी होती तिथे ते वरच्या वर घसरत होतं. बाबा मात्र तिच्याकडे अशा खात्रीने बघत होते, की क्षणभर तिला आपल्याच डोळ्यांची शंका आली.

"मला तर सपाट दिसतोय," ती चाचरत म्हणाली.

"दिसण्यावर जाऊ नये. टायर डोळ्यांनी नाही, हाताने बघायचा असतो." मग जरा दुखावल्या आवाजात, "का गं, माझ्यावरचा विश्वास उडाला का?"

"तसं नाही हो बाबा."

"मग अजून चालेल."

ती मूग गिळून उठली. मनातून मात्र चिडली होती. म्हाताऱ्या माणसांचा हा हट्ट, आपलंच खरं करायचं. डोळ्यांसमोर दिसतंय, तरी नाही म्हणायचं! तिने ठरवलं, गुपचूप बदलून टाकायचा. पण आज एका रोग्याला ताप, उद्या दुसऱ्याची पट्टी, परवा नवऱ्याला सुट्टी नाही, असं करता करता ते रेंगाळलं. रोज गाडी काढताना तिला टायर आठवायचा आणि रोज ती स्वतःची समजूत घालायची, आज जपून चालवू.

जपून चालवत असतानाच ती पडली. गाड्या धुण्याच्या दुकानापुढे रस्त्यावर साबणाचं पाणी वाहत आलं होतं. वेग काही नव्हता. तिने वळण घ्यायला गाडी किंचित कलती केली आणि मागचं चाक कोणीतरी हिसडा मारून ओढून घ्यावं तसं निसटलं. गाडी एकीकडे, पिशवी एकीकडे, ती तिसरीकडे. दुकानातली माणसं धावत आली. डोकं हेल्मेटने वाचलं, गुडघे सोलवटले, आणि टेकलेल्या उजव्या हाताचं मनगट बघता बघता सुजलं. फ्रॅक्चर होतं.

प्लास्टर घालून नवरा तिला घरी घेऊन आला तेव्हा बाबा दारातच उभे होते. चेहरा पांढराफटक.

"कशी पडलीस?"

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. तिने खाली बघितलं.

"वाळू होती रस्त्यावर," ती म्हणाली.

"वाळू," बाबा म्हणाले. "वाळूचा भरवसा नाही." आणि लगेच पाणी आणायला आत गेले.

त्या दिवसापासून त्यांनी घर अंगावर घेतलं. तिला चमचासुद्धा उचलू देईनात. भाजी चिरायचे, भांडी घासायचे, आणि दुपारी वाकलेला फूटरेस्ट सरळ करत अंगणात बसायचे. सिस्टरला त्यांची माया बघून भरून यायचं आणि त्याच वेळी आतून बोचायचं. खोटं बोलून आपण त्यांना वाचवलं की फसवलं, हे तिचं तिलाच ठरवता येईना.

एका दुपारी ती स्वयंपाकघरात टेबलापाशी बसली होती. बाबा चहा करत होते. तिच्या जखमी हाताबद्दल, डॉक्टरबद्दल, काहीबाही बोलत होते. चहा उकळला. त्यांनी गॅस बंद केला आणि पातेल्याची कड उघड्या बोटांनी धरून पातेलं उचललं.

"बाबा!" ती किंचाळली. "चिमटा!"

"अं?" त्यांनी तिच्याकडे वळून बघितलं. पातेलं हातातच होतं. चेहऱ्यावर ना कळ ना घाई. ती ओरडली का, हे त्यांना खरोखरच कळलं नव्हतं.

तिने उठून डाव्या हाताने कसंबसं ते पातेलं खाली ठेवायला लावलं आणि त्यांचा हात नळाखाली धरला. बोटांची पेरं लाल झाली होती. आणि आता नीट बघितल्यावर बाकीचंही दिसलं. अंगठ्याशेजारच्या बोटावर जुन्या भाजल्याचा डाग. करंगळीपाशी चिरल्याची खूण, बहुधा भाजी चिरतानाची. शर्टाचं एक बटण उघडंच, आणि दुसरं चुकीच्या काजात.

दिवसभर ती दारोदार जाऊन लोकांना विचारायची, मुंग्या येतात का, चटका कळतो का, चप्पल पायातून निसटली तर समजतं का. आणि स्वतःच्या घरात? दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"बाबा, बसा इथे. डोळे मिटा."

"चहा निवेल."

"निवू दे. मिटा."

तिचा आवाज घरातला नव्हता, कामावरचा होता. ते निमूट बसले. तिने पिशवीतून तो दोऱ्याचा दांडा काढला. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताला सवय नाही, पण जमवलं. "मी बोटाला टेकवलं की हो म्हणायचं."

तिने तर्जनीच्या टोकाला दोरा टेकवला. तो वाकला. बाबा गप्प. मधल्या बोटाला टेकवला. अंगठ्याला. मग दुसऱ्या हाताला. दोरा दर वेळी वाकत होता आणि बाबा डोळे मिटून, परीक्षेला बसलेल्या शहाण्या मुलासारखे ताठ बसले होते.

मग ते म्हणाले, "अगं, सुरू कर ना. किती वेळ डोळे मिटून बसू?"

सिस्टर रोग्यांसमोर कधी रडत नाही, असा तिचा लौकिक होता. तो त्या दुपारी राहिला नाही.

तिचा हुंदका ऐकून बाबांनी डोळे उघडले. दोरा त्यांच्या बोटावर टेकलेलाच होता. त्यांनी दोऱ्याकडे बघितलं, बोटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. डोक्यात एकेक गोष्ट जागेवर बसत असावी. मग हळूच म्हणाले,

"वाळू नव्हती ना गं?"

"बाबा..."

"टायर होता."

तिने मान डोलावली.

ते उठून अंगणात गेले. तीही मागे गेली. पाट न घेताच ते गाडीमागे खाली बसले आणि डोळे बारीक करून, नाक टायरला लागेल इतकं जवळ नेऊन बघायला लागले. आधी बोट फिरवलं. मग ते बोट उलटं करून नुसतंच बघत राहिले, जणू दुसऱ्या कोणाचं आहे.

"अरे देवा," ते पुटपुटले. "मी तुला ह्यावर पाठवत होतो."

"मला दिसत होतं, बाबा. मी बोलायला हवं होतं. मला वाटलं तुम्ही हट्ट करताय."

"हट्टच की. तू म्हणालीस सपाट दिसतोय, मी म्हणालो हाताने बघतात." ते थोडं हसायला गेले, पण ते काही जमलं नाही. "बऱ्याच दिवसांपासून बोटं जड वाटतात. नट हातातून सुटायचा. म्हटलं वय झालं. कोणाला कशाला सांगायचं? गाडीसुद्धा बघता येत नाही म्हटलं, तर मग घरात माझा उपयोग काय?"

ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. "पातेलं उचलायला तर येतंय," ती डोळे पुसत म्हणाली. "चिमट्याशिवाय."

आता मात्र ते खरंच हसले.

संध्याकाळी नवरा आला तो हे दोघं अंगणात आणि बाबांचे पाय सुनेच्या मांडीवर, हे दृश्य बघून उंबऱ्यातच थांबला. बोटांचं कळल्यावर सिस्टरने पायमोजे काढायला लावले होते. तळव्याला एक फोड होता, फुटलेला, बाबांना पत्ताच नव्हता. नवऱ्याला सगळं कळलं तेव्हा तो रंगाच्या कपड्यांनिशी तिथेच बसला.

"बाबा, बोलू नकोस असं मीच तिला म्हणालो होतो," तो म्हणाला.

"का रे?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि ती मेली असती तर बरं वाटलं असतं का मला?"

मग बाबांनीच हात लांब करून त्याच्या केसांतला वाळलेला रंग खरवडला. "जाऊ दे," ते म्हणाले. "तिघांनी मिळून एकमेकांना जपलं आणि गाडी आडवी केली. आता पुढचं बघा."

पुढचं म्हणजे आधी डॉक्टर. रक्तातली साखर भलतीच वाढली होती. कधीपासून, ते सांगता येत नव्हतं. डेपोतल्या थरथरणाऱ्या यंत्रांनीही बोटांचं थोडं नुकसान केलं असावं, असं डॉक्टर म्हणाले. गेलेली संवेदना परत येईलच असं नाही, पण औषधं, पथ्य आणि पायांची काळजी घेतली तर आहे ती टिकेल. बाबांनी सगळं शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "आता टायर."

नवऱ्याने गाडी ढकलत नेली आणि हे दोघं मागून चालत गेले. दुकानदाराने मापाचा टायर काढून पुढे टाकला. बाबांचा हात सवयीने पुढे गेला, अर्ध्या वाटेत थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.

"सिस्टर, तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मी सांगतो. बाजूवर चार आकडे कोरलेले असतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. काय आहेत?"

तिने डाव्या हाताने टायर फिरवून वाचले. टायर बरीच वर्षं दुकानात पडून होता.

"रबर नुसतं ठेवलं तरी म्हातारं होतं," बाबा म्हणाले. "वरून नक्षी कोरी करकरीत आणि आत कडक. ओल्या रस्त्याला ते धरत नाही. बाजूने वाकवून बघ, केसासारख्या चिरा दिसतात का?"

"दिसतात."

दुकानदार खजील होऊन म्हणाला, "काका, हा कसा मागे राहिला कोण जाणे. थांबा, नवा माल कालच आलाय." आणि खरोखरच नवा काढून दिला. त्याने चाक खोललं, जुना टायर उतरवला, नवा चढवला. तेवढ्या वेळात बाबांनी सुनेला जुन्या टायरवरच सगळा धडा दिला. मधला पट्टा चपटा झाला की वळणावर गाडी कशी दगा देते, हवा कमी राहिली की कडा कशा आधी झिजतात, बाजूला फुगा आला तर नक्षी कितीही असो, त्या गाडीवर बसायचं नाही. ती प्रश्न विचारत होती, ते सांगत होते. नवरा भिंतीला टेकून ऐकत होता. बाबांना इतकं सलग बोलताना त्याने आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं.

प्लास्टर निघालं, मनगटात जोर आला, तेव्हा बाबांच्या पुन्हा तपासणीचा दिवस होता. नवरा म्हणाला, रिक्षा करा. सिस्टर किल्ली घेऊन बाहेर आली. बाबांनी हेल्मेट घातलं आणि तिच्या मागे बसले.

"हळू," गाडी सुरू होताच ते म्हणाले. "नवा टायर वरून निसरडा असतो. थोडं घासून निघेपर्यंत वळणावर फार झुकवायची नाही, ब्रेक जोरात दाबायचा नाही."

"हो बाबा."

"पुढे खड्डा आहे."

"दिसला बाबा."

"बरं, बरं."

गाड्या धुण्याच्या दुकानापाशी आल्यावर तिचे खांदे आपोआप आखडले. पाणी आजही वाहत होतं. बाबा काही बोलले नाहीत. तिने वेग कमी केला, गाडी सरळ ठेवली, आणि चाकं ओला रस्ता धरून पलीकडे निघाली. तिने सोडलेला श्वास बाबांना मागे कळला असावा, कारण त्यांनी तिच्या पाठीवर थाप मारली.

डॉक्टरांच्या दवाखान्यापुढे ती गाडी स्टँडवर लावून वळली, तर बाबा हनुवटीखाली हात घालून हेल्मेटच्या पट्ट्याशी झटापट करत होते. चाप बारीक होता. बोटं त्याच्यावरून नुसतीच फिरत होती. आत लोक बसलेले दिसत होते आणि बाबा पाठ फिरवून उभे राहिले होते, कोणी बघू नये म्हणून.

ती जवळ गेली, पण हात लावला नाही. नुसती उभी राहिली.

थोड्या वेळाने त्यांनी हात खाली सोडले आणि हनुवटी वर केली.

"काढ बाई," ते म्हणाले. "नाहीतर डॉक्टर म्हणतील, पेशंट स्वारी करून आला की लढाई करून."

तिने चाप काढला. हेल्मेट बगलेत मारलं, दुसऱ्या हाताने त्यांच्या शर्टाचं बटण बरोबर काजात घातलं, आणि दोघं आत गेले.